चिखल्याच्या हॉलमधला सॅक्सोफोन

सकाळच्या वेळी बाबा आमच्याशी बोलत नसत. राग नसे कसला, तोंडात पत्ती असे. सॅक्सोफोनच्या तोंडाला वेताची एक पातळ, चपटी पत्ती बसवावी लागते आणि ती कोरडी राहिली तर आवाज फाटतो. म्हणून लग्नसराईच्या दिवसांत बाबा उठल्याबरोबर पत्ती ओठांत धरत आणि ती भिजेपर्यंत घरातली सगळी कामं मुक्यानं करत. बैलांपुढं तणस टाकत, तलावावरून आंघोळ करून येत, ओलं धोतर वाळत घालत. माय विचारी, "आज कोन्या गावाले?" बाबा हातानं पूर्व दाखवत. "वापस कवा येता?" बाबा खांदे उडवत. मग माय सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणे, "देवानं मले नवरा देला अन् वरून त्याच्या तोंडाले बुच मारून देलं." बाबांना हसू येई, आणि त्या हसण्याचाही पत्तीतून बारीक पिर्रर्र आवाज निघे. माझी धाकटी बहीण तेवढ्यासाठी मायला पुन्हा पुन्हा काही विचारायला लावी.

सॅक्सोफोन बाबांचा नव्हता. तो बँड पार्टीचा, म्हणजे मास्तरांचा. मास्तर क्लॅरिनेट वाजवत आणि लग्न नसेल तेव्हा मोहाडीला कपडे शिवत. नागपूरची कुठली तरी पार्टी मोडली, तेव्हा त्यांनी तो बाजा आणला खरा, पण त्यांच्या माणसांपैकी कोणालाच तो फुंकता येईना. बाबा तोवर झांजा वाजवत. "तुळशीराम, तुह्या छातीत दम हाये," मास्तर म्हणाले, "घरी ने याले. पाहा काय म्हनते तो." बाबांनी तो घरी आणला आणि धानाची कामं आटोपली की तलावाच्या पाळीवर जाऊन फुंकू लागले. पहिले काही महिने गावातल्या बाया मायला विचारत, "तुमच्या घरी रेडा घेतला का वं?" म्हशी मात्र पाण्यात शांत बसून ऐकत. पुढं कधी बाबांना कोणी गुरू विचारला तर ते म्हशींचं नाव घेत.

त्या बाज्याची एक चावी सैल होती, ती सायकलच्या ट्यूबच्या रबरानं बांधलेली असे. पितळ काळं पडू नये म्हणून बाबा ते चिंचेनं घासत. लग्नसरा संपेपर्यंत घरातली चिंच संपून जाई आणि वांग्याच्या भाजीला आंबट उरत नसे. "घ्या, खा आता पितळ," म्हणून माय ताट पुढं सरकवी. तिनं बाबांचं वाजवणं कधी ऐकलं नव्हतं, म्हणजे गाणं असं ऐकलं नव्हतं. घरी ते फक्त पत्ती तपासत, एखादा सूर धरत, सोडून देत. वरातीत घरच्या बायका जात नसत, आणि पाळीवरचा आवाज आमच्या घरापर्यंत तुकड्या-तुकड्यांनी येई. तिच्या लेखी बाजा म्हणजे चिंच खाणारा एक पाहुणा.

मी त्या घरातली सगळ्यात मुकी. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, पुढची शाळा मोहाडीला होती. धाकटीला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून घरीच राहिले. पाहुणे आले की मी धानाच्या ढोलीमागं जाऊन उभी राही. पाण्याचा गडवा द्यायलाही पुढं येत नसे. आत्या म्हणे, "हे पोट्टी नवऱ्यालेही ढोलीमागूनच हार घालीन." अशा मुलीला बाबांनी वरातीत कसं नेलं, हे आज कोणाला सांगितलं तर पटायचं नाही. बँडच्या पुढं गॅसबत्त्या डोक्यावर घेऊन बाया चालत. त्यातली एक आजारी पडली आणि मास्तरांना दुसरी मिळेना. बाबा मायला म्हणाले, "अनसूले नेतो. तिच्या मानेत जोर हाये, बोडीवरून पान्याचे दोन दोन गुंड आनते." मायनं तोंड वाकडं केलं, पण चुंबळ करायला तिनंच जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला.

गॅसबत्तीखाली मला फार बरं वाटलं. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. ज्याच्या डोक्यावर बत्ती असते त्याचं तोंड कोणाला दिसत नाही. सगळ्यांचे डोळे दिपतात, खाली कोण चाललंय ते कोणी बघत नाही. शेकडो माणसांच्या पुढं मी चालत असे आणि ढोलीमागं असल्यासारखी निवांत असे. डोक्यावर तो सूंऽऽ आवाज, चुंबळीतून उतरणारी ऊब, आणि पाठीमागून बाबांचा बाजा. मास्तरांनी मला बरोबर बाबांच्या पुढं ठेवलं होतं. नाच चालू असताना ढोल ताल धरी, त्याचं काही नव्हतं. पण पाठवणीच्या वेळी ढोल बंद होत. नवरी मांडवातून निघे, बाया रडत, आणि तेवढा एकटा सॅक्सोफोन वाजे. तेव्हा बाबांना ताल द्यायला कोणी नसे. पुढं मी आणि माझी बत्ती. मी नवरीच्या चालीनं चाले, हळू, पाऊल पूर्ण टेकवून. बाबा माझ्या टाचांकडं बघत वाजवत. एकदा घरी येताना ते म्हणाले, "तुही टाच टेकली का मी सूर सोडतो, उचलली का श्वास घेतो. तू पळाली तर मी मरीन, बरं." मी हसले, पण त्या दिवसापासून पाठवणीला जास्तच सांभाळून चालू लागले.

बँडचं गाणं कधी पुरं होत नसे, हेही इथं सांगून ठेवते. नाचणारे थांबले की गाणं मधेच तोडायचं आणि दुसरं धरायचं, हा नियम. एखादं गाणं शेवटापर्यंत वाजवलं तर वरातीतली माणसं म्हणत, "बँडवाले झोपले का बे?" आणि समोरची माणसं गप्प उभी राहिली तर समजायचं की आपलं काही तरी चुकतंय, लगेच चाल वाढवायची, आवाज वाढवायचा. बाबांच्या अंगात ते इतकं मुरलं होतं की घरी आम्ही जेवताना गप्प बसलो तरी ते अस्वस्थ होत आणि काही तरी गमतीचं बोलत.

मग बटनांचा बाजा आला. भंडाऱ्याच्या एका पार्टीनं हातगाडीवर भोंगे बांधून त्यावर तो ठेवला होता. एक माणूस बोटं ठेवी आणि क्लॅरिनेट, बासरी, सनई, सगळं त्यातूनच निघे. वरठीच्या एका लग्नात आमच्या लोकांनी तो बघितला. आठवड्यानं मास्तर आमच्या अंगणात येऊन बसले. मायनं चहा दिला. मी ढोलीमागं होते.

"तुळशीराम, आयक," मास्तर म्हणाले. "जमाना बटनाचा आला. मीही घेऊन राहिलो एक. सॅक्सो तुमसरचा पार्टीवाला मागून राहिला. लगनसरा झाला का देऊन टाकतो त्याले."

बाबा म्हणाले, "बरं."

"मनाले नोको लावू गा. तू झांजा वाजव पहिल्यासारखा."

"बरं," बाबा पुन्हा म्हणाले. मास्तर गेल्यावर त्यांनी बाजा काढला आणि आदल्याच दिवशी घासलेलं पितळ पुन्हा घासायला घेतलं. मायनं ते पाहिलं. चिंचेची बरणी तिनं स्वतः आणून त्यांच्याजवळ ठेवली आणि आत गेली. तेव्हा मला कळलं की हे साधं नाही.

त्याच पंधरवड्यात चिखल्याला खाणीच्या कॉलनीत एक लग्न होतं. पाठवणी दुपारीच झाली. ऊन होतं, तरी मास्तरांनी शोभेसाठी बत्त्या पेटवायला लावल्या होत्या. नवरी गाडीत बसली, बाबांनी बाजा खाली घेतला, आणि गर्दीतून एक उंच, चष्मा लावलेले साहेब सरळ बाबांकडं आले. खाणीत इंजिनिअर होते, बाहेरच्या प्रांतातले.

"यह आपने कहाँ सीखा?" त्यांनी विचारलं.

"तलाव पे, साब," बाबा म्हणाले.

साहेबांना काय कळलं कोण जाणे, पण ते मनापासून हसले. मग म्हणाले, महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी हॉलमध्ये या. एकटे या. ढोल नको, झांज नको. तासभर असंच धीमं, मुलायम वाजवा. लोक बसतील, चहा घेतील, ऐकतील.

"और नाचेंगे कब?" बाबांनी विचारलं.

"कोई नहीं नाचेगा."

बाबांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तर पुढं झाले, हात जोडले, "आयेगा साब, जरूर आयेगा," म्हणाले. मग बाबांना बाजूला घेऊन त्यांनी जे सांगितलं ते मी बत्तीखालून ऐकलं. "हे पाहा, कॉलनीतले सगळे लग्नं या साहेब लोकायच्या शब्दावर हाये. त्यायनं पसंत केलं तर सॅक्सो राहीन आपल्याकडं, मी तुमसरवाल्याले नाही म्हनतो. अन् नाही जमलं, तर तिथूनच सिधा तुमसरले पोचवून देतो. रस्त्यातच हाये."

साहेबांनी त्याच दिवशी बाबांना बंगल्यावर नेऊन एक तबकडी ऐकवली. मी पायरीवर बसले होते. असा सॅक्सोफोन मी ऐकला नव्हता. कुठं घाई नव्हती, सूर एकमेकांत विरघळत, गुळाच्या पाकाची तार सुटावी तसे लांबत. मागं कोणी तरी तांब्याच्या भांड्यावर झाडू फिरवावा तसा हलका खसखस आवाज होता. बाबा डोळे मिटून ऐकत होते. रस्त्यानं येताना बराच वेळ सायकल चालवून झाल्यावर ते मागं न बघता म्हणाले, "अनसू, तो मानूस बसून वाजवून राहिला. आयकून समजते. मले बसून येत नाही वं."

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या घरून खुर्ची आणली, अंगणात ठेवली. बाबा बसले आणि त्यांचा श्वासच लागेना. पोटावर बाजा येई, पाय अधांतरी असल्यासारखे होत, दोन ओळी झाल्या की सूर घसरे. उभं राहून केलं तरी तेच. एका जागी उभं राहिलं की त्यांना ताल सापडत नसे. इतकी वर्षं त्यांनी वाजवलं ते चालता चालता. माय लाखोळीची डाळ निवडता निवडता बघत होती. "तलावाच्या पाळीवर तं तुमी बसून वाजवत होते ना?" ती म्हणाली. "तवा ते वाजवनं नव्हतं, वं," बाबा म्हणाले, "तवा ते वरडनं होतं."

मागच्या हिवाळ्यात माझी नात मला नागपूरला अशाच कार्यक्रमाला घेऊन गेली. जाण्याआधी तिनं मला पलंगावर बसवून समजावलं, आजी, तिथं काय काय होईल ते ऐकून घे. दिवे मंद करतात, घाबरू नको. गाणी ओळखीची नसतील. आधी सगळे मिळून वाजवतात, मग सॅक्सोफोनवाला एकटाच त्याच्या मनाला येईल तसं फिरवत जातो, त्याचं झालं की टाळ्या द्यायच्या, गाणं चालू असलं तरी. मध्येच सगळं अगदी हळू होतं, तेव्हा खोकला दाबायचा. कोणी नाचत नाही. डोळे मिटले तरी चालतं, झोपलीस तरी कोणी हसणार नाही. मी सगळं मान हलवत ऐकलं. तिला वाटलं, आजी भेदरली आहे. हॉलमध्ये थंडी फार होती, तिनं मला स्वतःची शाल दिली. वाजवणारा चांगला होता, कोवळ्या दाढीचा मुलगा होता, एका जागी उभा राहून किती सहज वाजवत होता. मी सगळा वेळ त्याच्या बुटाकडं बघत होते. बुटाचं टोक खालीवर होत होतं. मला वाटलं, बाबांना हे कोणी आधी सांगायला हवं होतं.

पण बाबांना सांगायला कोणी नव्हतं. त्या रविवारी खाणीचा ट्रक मोहाडीहून सामान घेऊन जात होता, त्यात आम्ही बसलो. बाबा, मी आणि मास्तर. बत्तीचं काही काम नव्हतं, तरी बाबा म्हणाले, अनसू येईल, बाज्याची पेटी धरायला. मायनं पहाटे उठून लाखोळीचे वडे तळून फडक्यात बांधून दिले होते. बाबांनी एकही खाल्ला नाही. पत्ती तोंडात होती. मास्तरांनी खाल्ले. तुमसर ओलांडताना त्यांनी एका गल्लीकडं बोट दाखवलं, "तो राहते तिथं," म्हणाले. बाबांनी तिकडं बघितलं नाही.

हॉल लांबट होता, वर पंखे, भिंतींना चुना. साठ-सत्तर खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, मधून जायला वाट. साहेब लोक बायकांसह आले होते. मागं खाणीतली काही माणसं आंघोळ करून, तेल लावून, भिंतीला टेकून उभी होती. पुढं एक हातभर उंच चौथरा आणि त्यावर खुर्ची. बाबांनी नमस्कार केला, खुर्चीकडं बघितलं आणि बसले नाहीत. मी दाराजवळ, पेटीशेजारी, खाली बसले. मास्तर शेवटच्या ओळीत बसले.

बाबांनी सुरुवात केली तेव्हा सूर बरा लागला. दोन ओळी झाल्या, तीन झाल्या. हॉल शांत झाला. इतका की पंख्याच्या पात्यांचा आवाज येत होता. कोणी हलत नव्हतं, कोणी काही बोलत नव्हतं. आणि मला बाबांचे डोळे दिसले. ते एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जात होते, वरातीत नाचणारे थांबल्यावर जायचे तसे. आता ते काय करणार, हे त्या हॉलमध्ये मला आणि मास्तरांना, दोघांनाच माहीत होतं. त्यांनी गाणं मधेच तोडलं आणि दुसरं धरलं, चालीचं, नाचाचं. ढोल नाही, काही नाही, एकट्या बाज्याचा तो आवाज चुन्याच्या भिंतींवर आदळून परत येत होता. पुढच्या ओळीतल्या एका बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. लोक आणखीच गप्प झाले, म्हणून बाबांनी ते गाणंही तोडलं, तिसरं धरलं, आणखी जोरात. त्यांच्या मानेची शीर फुगली होती. मागं कोणी तरी हळूच म्हणालं, "अरे, किसी ने बारात बुला ली क्या?" आणि दोघे-तिघे हसले.

मी मास्तरांकडं बघितलं. ते उठले होते. रागानं नाही, तोंड पाडून. पेटी घ्यायला ते माझ्याकडंच येत होते.

मी कशी उठले ते मला सांगता येणार नाही. मी ठरवलं असं म्हणणं खोटं होईल. मी पेटी तिथंच ठेवली आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेत गेले. डोक्यावर काही नव्हतं. हात रिकामे होते, त्यांचं काय करावं ते कळेना, म्हणून परकराच्या चुण्या धरल्या. हॉलमधली सगळी तोंडं माझ्याकडं वळली. पुढचं काही दिसेना. चौथऱ्याजवळ पोचले, बाबांकडं पाठ केली आणि पाठवणीच्या चालीनं चालू लागले. पाऊल पूर्ण टेकवून, नवरी मागं आहे असं समजून.

एक पाऊल, दोन पावलं. मागं बाज्याची तीच घाई चालू होती. मी चाल बदलली नाही. चौथ्या की पाचव्या पावलाला आवाज थांबला. बाबांनी श्वास घेतलेला मला ऐकू आला. इतक्या शांततेत तो सगळ्यांना ऐकू आला असेल. मी टाच टेकवली आणि सूर सुटला.

मी वाटेच्या टोकाला गेले, दारापाशी वळले, परत आले. आता मी बाबांच्या समोरून येत होते. माझ्या आयुष्यात मी त्यांना पाठवणीचं वाजवताना समोरून कधी बघितलं नव्हतं. ते चौथऱ्यावरून खाली उतरले होते. गाल आत गेले होते, डोळे माझ्या पायांवर, आणि चेहरा असा की जणू कोणाला झोपवत आहेत. मी पुन्हा वळले, ते माझ्या मागं चालू लागले. खुर्च्यांच्या मधून आम्ही दोघं तसे गेलो आणि आलो, किती वेळा ते आठवत नाही. एका खेपेला त्या आठ्या घालणाऱ्या बाईंनी आपले पाय मागं घेतले, मला वाट मिळावी म्हणून. दुसऱ्या खेपेला त्यांचे डोळे मिटलेले होते. भिंतीला टेकलेली खाणीतली माणसं एकेक करून खाली बसली. तबकडीवरच्या त्या माणसासारखा सूर लांबत होता, पण तो बाबांचा होता, त्यात आमच्या तलावाचं पाणी होतं आणि इतक्या घरच्या इतक्या मुली होत्या. गाणं शेवटापर्यंत आलं. बाबांना शेवट माहीत होता का, तेही मला माहीत नव्हतं, कारण तो मी कधी ऐकलाच नव्हता. त्यांनी तो शेवटचा सूर धरला, धरून ठेवला, आणि मी पाय उचलला नाही, तो संपेपर्यंत.

मग काहीच झालं नाही. बाबा पुन्हा घाबरले असते, मी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं आणि नुसती मान हलवली, थांबा म्हणून. साहेब उभे राहिले आणि टाळ्या सुरू झाल्या. वरातीत टाळ्या कोणी देत नाही. तो आवाज माझ्या अंगावर पत्र्यावरच्या गारांसारखा आला आणि मी दारामागं पळाले.

बाबांनी पुढं तासभर वाजवलं. पुन्हा मला उठावं लागलं नाही. ते स्वतःच त्या वाटेत जात-येत राहिले, आणि मी दाराच्या फटीतून बघत राहिले. शेवटी साहेबांनी विचारलं, ती मुलगी कोण. बाबांनी अंगरख्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि भर हॉलमध्ये म्हणाले, "मेरी लड़की है, साब. बाजा मेरे गले में रहता है, चाल इसकी है." मी ते ऐकलं. आज इतकी वर्षं झाली, दोन मुलं झाली, नातवंडं झाली, माणसांनी मला चांगलं-वाईट खूप काही म्हटलं. हे वाक्य मी कधी कोणाला सांगितलं नाही. ते मी आज इथं लिहिलं.

मास्तर पेटीजवळ आले. मला वाटलं आता बाजा पेटीत ठेवतील. त्यांनी पेटी उचलून बाबांच्या हातात दिली. "बटनवाला घेतोच मी," ते म्हणाले, "त्याच्याबिगर भागत नाही आता. पन हा तुह्यापाशी राहू दे, तुळशीराम. तुमसरवाल्याले सांगतो, इकत नाही म्हनून." मग माझ्याकडं बघून, "काय वं पोट्टी, तुले तं मी बत्तीवाली समजत होतो!" मी खाली बघितलं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणी नुकतीच झाली होती. माय अंगणात उभी होती. तिनं आधी बाबांच्या हाताकडं बघितलं, पेटी दिसली, आणि तिच्या खांद्यांतला ताण सुटला. चुलीवर भात होता. बाबा म्हणाले, "अनसू, सांग वं मायले." आणि मी सांगितलं. हॉल, पंखे, ती बाई, मास्तर उठले ते, मी उठले ते. मी एवढं बोलते आहे याचंच धाकटीला नवल वाटत होतं. माय चुलीपाशी उभ्या उभ्या ऐकत होती.

"मंग लोकं नाचले का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग काय केलं त्यायनं?"

"आयकलं," मी म्हणाले. "बसून आयकलं, माय. तासभर."

मायनं चुलीतलं जळतं लाकूड बाहेर ओढलं आणि भाताखालचा जाळ कमी केला. पदराला हात पुसले. मग अंगणात येऊन ती भिंतीला टेकून खाली बसली, पाय पसरून, दोन्ही हात मांडीवर. हातात सूप नाही, सुई नाही, निवडायला डाळ नाही. तिला अशी रिकाम्या हातांनी बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

"मले आयकवा," ती बाबांना म्हणाली.

बाबांनी पेटी उघडली. गळ्यात पट्टा अडकवला आणि माझ्याकडं बघितलं.

"तिले काहून पाहता?" माय म्हणाली. "दमली हाये ते. बसू द्या तिले माह्यापाशी. तुमी वाजवा, मी बसली हावो."